सव्वादोनचा हात

आमच्या कासारीणबाईनं जन्मात कुणाचं तोंड म्हणून नीट पाहिलेलं नाही. पन्नास वर्षं ती तलवाड्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर बांगड्या भरत हिंडते आहे, पण या पंचक्रोशीतली एक जरी बाई ती चेहऱ्यावरून ओळखत असेल, तर मी माझी काठी मोडून चुलीत घालीन. ती ओळखते हातावरून. अंगणात आली, खांद्यावरच्या माळा उतरवून ठेवल्या, की ‘कशा आहात’ नाही, ‘बरं आहे का’ नाही, तिचा पहिला शब्द म्हणजे, “हात द्या.” हात तिच्या हातात गेला, अंगठ्याच्या मुळाशी तिनं दोन बोटांनी दाबून पाहिलं, की मग तिला सगळं आठवतं. तुम्ही कोण, माहेर कुठलं, मागच्या खेपेला रंग कोणता घेतला होता आणि त्यातल्या किती बांगड्या आजवर वाढल्या. बांगडी फुटली असं तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. बांगडी वाढते. एकदा तिच्यादेखत माझ्या हातून कपबशी पडली, तर खापऱ्यांकडं बघत ती शांतपणे म्हणाली, “वाढली बगा.”

एका लग्नात मी नवं लुगडं नेसून, नवा चष्मा लावून मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “कुटल्या पाव्हण्या?” मी हात पुढं केला. तिनं दाबला. “वैनी व्हय. आवो मंग आदी हात द्यायचा की, तोंड कशाला दावता.” नारायणगडाच्या यात्रेत तर मी स्वतः पाहिलं आहे. ती चादर टाकून बसली होती आणि भोवती बायकांचा असा गराडा, की कुठला हात कुणाचा हे देवालाही कळू नये. गर्दीतून एक हात आत आला. हात कुणाचा हे वर बघून पाहण्याची तसदी न घेता ही म्हणाली, “तू आमच्या गल्लीतली न्हवं का, कड्याला दिलेली? सासूचं गुडघं बरं झालं का गं?” हाताची मालकीण मागं कुठंतरी रडायलाच लागली, माहेरचं माणूस भेटलं म्हणून.

आमच्याकडची निम्मी माणसं दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि ऊस संपला की पाडव्याच्या आगेमागे परततात. त्या दिवसांत कासारीण आपल्या माळा बदलते. मोठ्या मापाच्या वर, लहान खाली. “जाताना सव्वादोनची बाई गेलती, आता अडीचची हून आली,” असं ती हिशेब सांगितल्यासारखं सांगते. पण अशा हाताला ती घाई करत नाही. आधी कोमट पाणी मागवते, हात त्यात बुडवून ठेवायला लावते, आणि बाई चुळबुळ करायला लागली की दटावते, “बस गुमान. हाताला कळू दे की घरी आलंय म्हून.”

माझी आणि तिची पहिली भेट हा माझ्या मूर्खपणाचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. मी नवी नवरी, मॅट्रिक पास, आणि तो निकाल कपाळावर गोंदवून घेतल्यासारखी घरभर हिंडणारी. दळण आणायला सांगितलं तरी मी ‘अवश्य’ म्हणायची. सासरी पाऊल टाकल्या टाकल्या चुलत सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या होत्या, “किती नाजूक हात गं पोरीचे.” त्या बिचाऱ्यांना मोतीबिंदू होता, पण मला तेवढं पुरलं. दोन दिवसांनी कासारीण आली. तीही माझ्याच वयाची, सासूच्या माळा पहिल्यांदाच खांद्यावर घेऊन निघालेली. तिनं हात दाबला आणि म्हणाली, “दोन सहा. त्ये बी ओढूनताणून.” कासाराच्या भाषेत सव्वादोनचा हात म्हणजे नाजूक, अडीचचा म्हणजे दणकट, आणि दोन सहा म्हणजे मधला, ज्याचं कुणी कौतुकही करत नाही.

“मला सव्वादोनच होतात,” मी म्हटलं.

“कुनाला?”

“मला. माहेरी सव्वादोनच भरायचे.”

तिनं एकदा माझ्या सासूकडं बघितलं, एकदा हाताकडं, आणि निमूटपणे सव्वादोनची माळ सोडली. पहिल्या चार अंगठ्याच्या मुळाशीच वाढल्या. पाचवी आत गेली ती बाहेर यायचं नाव घेईना. मग साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी सासूबाई माझं कोपर धरून आणि कासारीण बोटं धरून अशा दोघी समोरासमोर बसल्या. हाताला ओरखडे, डोळ्यांत पाणी, आणि अशा अवस्थेत मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की उन्हानं हात सुजला आहे, एरवी मला सव्वादोनच होतात. तो पौष महिना होता. सासूबाई अंगावर शाल घेऊन बसल्या होत्या.

कासारीण तेव्हा काही बोलली नाही. पण ते ‘पौषातलं ऊन’ तिनं पन्नास वर्षं जपून वापरलं. मी काही चुकीचा हट्ट धरला, की ती आभाळाकडं बघून म्हणते, “औंदा पौषात ऊन लई पडतंय, वैनी.” माझ्या मुलाला इंजिनिअरच करायचं म्हणून मी अडून बसले तेव्हा तेच म्हणाली. तो नापास होऊन शेवटी हिशेबाच्या कामाला लागला आणि सुखी झाला. मी परसात सफरचंदाचं झाड लावलं तेव्हाही म्हणाली. त्या झाडाबद्दल मी अधिक लिहीत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी आमचे हे गेले. त्यानंतर पहिल्यांदा कासारीण आली ती माळा दाराबाहेरच भिंतीला टेकवून आत आली, बसली, आणि ‘हात द्या’ म्हणाली नाही. “पाणी द्या,” म्हणाली. तेव्हापासून ती पाणीच मागायची. पण फेरी तिनं चुकवली नाही. माझ्या घरी तिचं काहीच खपणार नाही हे दोघींना ठाऊक असून दर पंधरवड्याला यायची, पाणी प्यायची, चहा प्यायची, गावातल्या समस्त हातांची खबर देऊन जायची. आताशा सगळ्या बायका बाजारातून तयार जोड आणतात, स्वतःच्या हातानं स्वतःच चढवतात. तिच्या फेरीतली घरं एकेक करून गळत होती. ती तक्रार करायची नाही. फक्त एखादीचं नाव निघालं की म्हणायची, “तिचा हात लई दिसात बगितला न्हाई,” जसं आपण म्हणतो की फलाणी बऱ्याच दिवसांत भेटली नाही.

आता फोनाकडं येते. माणसाला मूर्खपणा एकदाच सुचतो असा माझा समज होता, पण अडुसष्टाव्या वर्षी मला पुन्हा तारुण्य फुटलं. शेजारणीच्या सुनेनं तिला मोबाईल घेऊन दिला, तो फार तर तळहाताएवढा. मी मुलाला कळवलं की मला त्याहून मोठा पाहिजे. किती मोठा, असं त्यानं विचारलं. दुकानात सगळ्यात मोठा असेल तो, असं मी सांगितलं. तो आला. पोळपाटावर ठेवला तर पोळीला जागा उरू नये, आणि कानाला लावला की समोरच्याला माझं अर्धंच तोंड दिसावं. मी तो दोन्ही हातांनी धरून, पोथी वाचल्यासारखा, ओट्यावर बसून बघत असे. कासारीण आली, तिनं तो माझ्या हातात बघितला आणि विचारलं, “ह्यो फोन हाय का परात?”

“मोठा आहे. नात दिसते त्यात नीट.”

“हाताला बसत न्हाई.”

“हाताला बसायला ती काय बांगडी आहे?”

ती पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि आभाळाकडं बघून म्हणाली, “औंदा पौषात—” मी तिला पुढचं बोलू दिलं नाही.

बोलू द्यायला हवं होतं. माझा उजवा गुडघा कामातून गेल्यापासून डावा हात काठीचा झाला आहे. मोकळा हात एकच. फोन वाजला की मी उजव्या हातानं तो पिशवीतून काढायची, मग तो धरायला डावा लागायचा, म्हणून काठी कुठंतरी टेकवायची, आणि मग उजव्यानं तो हिरवा गोळा वर सरकवायची. तोवर फोन करणारा कंटाळून ठेवून द्यायचा. गेल्या वर्षी माघात मी अंगणात नळाशी उभी असताना मुलाचा फोन आला. काठी मी हौदाला टेकवली. हौद ओला होता. काठी घसरली, मग मी घसरले, आणि सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, फोन. मला मनगट सुजण्यापलीकडं काही झालं नाही. फोन वाढला.

मुलगा दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आला. तो ओरडणारा नाही, हेच त्याचं वाईट आहे. जेवणं झाल्यावर पानातली चटणी बोटानं सारखी करत म्हणाला, “आई, मी फोन केला आणि तू उचलला नाहीस, तर तिकडं बसून मला काय कळणार? चार तास मी तू पडली आहेस असंच समजत होतो. आणि तू पडलीच होतीस.” मग त्यानं अट घातली. पाडव्याला तो येणार. तोवर रोज वेळीअवेळी फोन करणार. काठी न सोडता, एका हातानं मी तो उचलू शकले, तर तलवाड्यात राहायचं. नाही तर घराला कुलूप घालून त्याच्याकडं. त्याचं घर नवव्या मजल्यावर आहे. सून चांगली आहे, नात तर जीव आहे माझा, पण तिथं दारासमोर लिफ्ट येते आणि लिफ्टमधून जो उतरतो तो कधीच आपल्याकडं येत नसतो.

कासारीण आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं तडा गेलेला फोन उलटसुलट करून बघितला. मग तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला ओतून म्हणाली, “उद्या गेवराईला जाऊ. तुमी लेकाला इचारू नका, दुकानदाराला इचारू नका. माप माजं.”

काळीपिवळीनं आम्ही गेवराईला गेलो. खांद्यावरच्या माळा तिनं घरी ठेवल्या होत्या, पण पिशवीत चारपाच सुट्या बांगड्या घेतल्या होत्या. त्या कशाला, ते मला दुकानात कळलं. दुकानदार पस्तिशीतला, बोलका. “या मावशी, बसा. किती इंची दाखवू? साडेसहा आहेत, पावणेसात आहेत, त्याच्याही वर आहेत.”

“त्ये मागून,” कासारीण म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “वैनी, हात...”

आणि थांबली. इतक्या वर्षांची सवय तिच्या तोंडातून निघाली होती आणि अर्ध्यावर तिला आठवलं होतं. तिनं पुढचा शब्द उच्चारला नाही, फक्त काउंटरवर ठेवलेला माझा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला, अंगठा आत मुडपला आणि मुळाशी दोन बोटांनी दाबून पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला तिला.

“दोन सहा,” ती म्हणाली. “मदी शेतात राबून अडीच झालता. आता उतरलाय.” आणि लगेच दुकानदाराकडं मोर्चा. “तुजं इंच कुटून कुटवर मोजत्यात?”

“या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिरकं.”

“तिरकं कावून? बाईला फोन तिरका धरायचा हाय का?” दुकानदार हसला, पण ती हसत नव्हती. “हे बग बाबा. बांगडी अडती कुटं? हाताच्या रुंद हाडावर. तितलंच माप घ्यायचं असतंय. ह्यो फोन हातात अडणार तो आडवा. मंग आडवा सांग, तिरका नगो.” आडवं माप आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं त्याला ते सांगता येईना. तेव्हा तिनं पिशवीतून दोन सहाची एक बांगडी काढली आणि समोरच्या पहिल्या फोनवर ठेवली. फोनच्या दोन्ही कडा बांगडीबाहेर आल्या. “उचल,” ती म्हणाली. दुसऱ्यावर ठेवली. “उचल.” अशी ती बांगडी फोनामागून फोनावर ठेवत गेली, आणि दुकानदार कॅमेरा, बॅटरी, एकशेकाय-काय अशी नावं घेत मागून येत राहिला. “आत काय काय हाय त्ये मागून बगू,” ती त्याला म्हणाली, “आदी हातात ऱ्हातंय का त्ये बगू दे.”

काचेच्या कपाटातला एक फोन आडवा बांगडीच्या आत जवळजवळ मावला. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला, मला डोळे मिटायला लावले, हात सुपासारखा पाखडायला लावला. पिसासारखा हलका. अंगठा सगळीकडं फिरत होता. “ह्यो,” ती विजयानं म्हणाली, “द्या बांधून.”

“मावशी,” दुकानदार संकोचून म्हणाला, “तो रिकामा आहे. नुसता दाखवायला ठेवलेला. आत काहीच नाही.”

कासारिणीचा चेहरा असा झाला की मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. पन्नास वर्षांत तिचं माप पहिल्यांदाच चुकलं होतं आणि तेव्हा मी हजर होते. तिनं फोन कपाटात परत ठेवला आणि म्हणाली, “आमच्या धंद्यात रिकामी बांगडी नसती, बाबा.” त्यानं त्याच जातीचा खरा फोन आणून दिला. तिनं तो तळहातावर तोलला आणि मान हलवली. “आडवा बरा हाय. पन खाली वढतोय. तिसऱ्या दिशी मनगट धरंल.”

तोवर दुकानात चार बायका जमल्या होत्या. त्यातली एक तरुण, कपाळावर ऊन बसलेली, आपला फोन दुकानदाराला दाखवत होती. अंगठा लावला तरी फोन हलत नव्हता. काच बदलावी लागेल, असं तो म्हणत होता. कासारिणीनं सवयीनं तिचा हात ओढून घेतला. “कारखान्यावरून कदी आलीस?”

“परवा.”

“फोनला काय बी झालं न्हाई. अंगठा लाकूड झालाय तुजा. अंगठ्याची कड लाव, इतनं, जितं मऊ हाय.” बाईनं कड लावली. फोन चालू झाला. दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. मी अशी बसले जणू ही विद्या आमच्या घरचीच. मग उरलेल्या तिघींनीही आपापले हात पुढं केले. कासारिणीनं एकेकीचा दाबला आणि कुणाला कुठल्या फोनानं मनगट धरेल ते सांगितलं. इतके हात एका ठिकाणी तिला बऱ्याच दिवसांनी मिळाले होते. त्या तंद्रीत ती आम्ही कशाला आलो हेच विसरते की काय, असं मला वाटायला लागलं. पण हात दाबता दाबताच तिनं विचारलं, “त्या खालच्या खणात काय हाय?”

“ते राहिलेले, मावशी. छोटे आहेत. आता कुणी घेत नाही. सगळ्यांना मोठा लागतो, पिक्चर बघायला.”

“आमच्या वैनीला पिक्चर बगायचा न्हाई. वैनीला घरी ऱ्हायचंय.”

खण उघडला. तिसऱ्या खोक्यातल्या फोनावर बांगडी ठेवली, तर कडा जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढ्या बाहेर. तळहातावर तोलला. “आत हाय ना समदं?” तिनं संशयानं विचारलं. दुकानदारानं तो चालू करून दाखवला. मग माझ्या हाताची परीक्षा. चार बोटं पाठीला, अंगठा पुढं, काठी डाव्या हातात, आणि दुकानातल्या दुकानात चार पावलं चालत अंगठा सगळ्या कोपऱ्यांना लावायचा. वरचा पलीकडचा कोपरा काही केल्या येईना.

“तितं काय असतंय?” तिनं विचारलं.

“काही नाही. बॅटरी किती उरली ते.”

“मंग तितं जायाचं काम न्हाई. लेकाचं नाव खाली आन, अंगठ्याच्या घरात.” त्यानं मुलाचा फोटो खाली, अंगठ्याखाली आणून ठेवला. अक्षरं मोठी केली. नातीचं तोंड आता लहान दिसेल, असं मी कुरकुरले, तर ती म्हणाली, “ल्हान दिसलं तर जवळ धरा.” जाड कव्हर तिनं परत केलं, पातळ घेतलं. त्याला एक भोक होतं. कशाला ते दुकानदारालाही नीट माहीत नव्हतं. तिनं पिशवीतून बांगड्या ओवायची लाल दोरी काढली, भोकातून घालून गाठ मारली आणि दुसरं टोक माझ्या उजव्या मनगटाला बांधलं. मनगट मोकळंच होतं. “आता सुटला तरी पडायचा न्हाई,” ती म्हणाली, आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

फोन नवा असला तरी मी जुनीच होते. पहिल्या दिवशी मुलाचा फोन मी तीनदा कापला, चौथ्यांदा उचलला आणि उलटा कानाला लावला. “पयल्या दिशी बांगडी बी टोचतीच,” म्हणून कासारिणीनं शिकवणी लावली. रोज सकाळी ती गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि आपल्या बटणांच्या फोनवरून मला फोन करायची. मी अंगणात काठी टेकत चालायची आणि चालता चालता उचलायची. गल्लीला आम्ही वेड लागल्यासारख्या दिसत असणार, कारण पन्नास पावलांवर उभ्या राहून आम्ही एकमेकींना फोनवर विचारत होतो, “ऐकू येतंय का?” दोघींना फोनाशिवायही नीट ऐकू येत होतं. आठव्या दिवशी मी मुलाचा फोन चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जाताना उचलला. त्यानं विचारलं, काठी कुठं आहे. मी म्हटलं, हातात. त्याचा विश्वास बसला नाही. लहानपणी मी त्याला औषध कडू नाही असं पुष्कळदा सांगितलं आहे, त्याची ती फळं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली होती आणि कासारीण ओट्यावर येऊन बसली होती. मुलगा रस्त्यात असल्याचं त्यानं कळवलं होतं. मी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात साखरेची गाठी घेऊन अंगणाच्या मधोमध होते, तेवढ्यात मनगटाला लटकलेला फोन वाजला. मी कासारिणीकडं बघितलं. तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, चुकून मदत होईल म्हणून, आणि ओठ घट्ट मिटलेले. गाठी मी गळ्यात घातली, दुसरी जागाच नव्हती. मग हात झटकून फोन तळहातात घेतला, चार बोटं पाठीला, आणि अंगठा वर सरकवला. एकदा सुटला. पुन्हा सरकवला.

“आई?”

“बोल.”

“काठी कुठं आहे?”

“हातात.”

“खरं सांग.”

“मी साक्षीला हाय रं,” कासारीण ओट्यावरून ओरडली.

“मला दिसतंय, मावशी,” तो म्हणाला, आणि तो आवाज फोनातून आला तसाच फाटकातूनही आला. तो फाटकापलीकडं उभा राहून सगळं बघत होता. आत आला, माझ्याकडं बघितलं, गळ्यात साखरेची गाठी, मनगटाला लाल दोरी, आणि हसायला लागला. कासारिणीनं मांडीखालचे हात काढले आणि त्याला म्हणाली, “हात दे.” बारशाला त्याच्या मनगटात काळ्या मनगट्या तिनंच घातल्या होत्या. त्यानं हात दिला. तो दाबत, वर न बघता ती म्हणाली, “माज्या फेरीत आता अकरा घरं ऱ्हायलीत, बाबा. त्यातली धा बांगड्या भरत्यात. बोलतंय एकच.”

त्यानं ओट्यावरच, तिच्याशेजारी बसकण मारली. हात तिच्या हातातच होता. मग म्हणाला, “राहू दे तिला, मावशी. पण मी फोन करत राहणार.” तो अजून करतो. दिवसातून तीनदा. मी अजून उचलते, आणि कधीकधी मुद्दाम पाचव्या रिंगेपर्यंत थांबते, त्याला किंमत राहावी म्हणून.

त्या दिवसापासून कासारीण अंगणात आली की पुन्हा म्हणते, “हात द्या.” फोन हाताला बसतो का नाही ते बघायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. वयात आल्यावर पोरींचे हात वाढतात आणि आपल्या वयात उतरतात, तेव्हा माप मधूनमधून बघितलेलं बरं. फोन काही लहानमोठा होत नाही आणि माझा अंगठा आहे तिथंच आहे, हे तिला कळतं, मलाही कळतं. तरी मी दोरी बाजूला सारून हात देते. ती अंगठा मुडपते, दाबते, गावातल्या हातांची खबर सांगत राहते, आणि चहा निवेपर्यंत हात काही सोडत नाही.

परवा अशीच दाबता दाबता ती थांबली. पुन्हा दाबून पाहिलं. मग पिशवीत चाचपून एक बांगडी काढली, नुसती माझ्या बोटांच्या टोकांशी आडवी धरून बघितली आणि परत पिशवीत ठेवली.

“वैनी,” ती हळूच म्हणाली, “सव्वादोनचा झाला बगा हात.”

अंगणात दोघींशिवाय कुणी नव्हतं. मी हात तिच्या हातात तसाच राहू दिला.

“सांगत होते ना मी तुला,” मी म्हटलं. “तेव्हाच सांगत होते.”